बंद तोंडाचे शब्द

खांद्यावरचं उपरणं मघापासून सावरत बसलेल्या माझ्या तरुण मित्रांनो,

कुलसचिवांचं पत्र आलं तेव्हा त्यात माझ्या नावाआधी ‘सुप्रसिद्ध गीतकार’ असं छापलं होतं. मी ते कौतुकानं बायकोला दाखवलं. तिनं पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “पत्ता तरी आपलाच आहे ना?” तेव्हा त्या ‘सुप्रसिद्ध’कडे फार लक्ष देऊ नका. मी गाणी लिहितो, त्यांना चाली लावतो आणि आमच्या पाच जणांच्या बँडमध्ये ती गातो, एवढंच.

आज तुमचं प्रत्येकाचं नाव या माइकवरून पुकारलं गेलं. मी मात्र ज्या माणसाबद्दल बोलणार आहे त्याचं नाव सांगणार नाही. त्यांनीच तशी ताकीद देऊन ठेवली आहे. आम्ही त्यांना अंकल म्हणायचो. ते व्हायोलिन वाजवायचे. आम्ही बाकीचे चौघं तिशीत होतो, ते सत्तर पूर्ण केलेले.

आमची भेट धोबीतलावच्या एका कुडात झाली. कूड म्हणजे गोव्यातल्या एखाद्या गावानं मुंबईत आपल्या माणसांसाठी ठेवलेली राहायची जागा. बोटीवर चढायच्या आधी, नोकरी लागेपर्यंत, किंवा नोकरी सुटल्यावर तिथं पाठ टेकायची. भिंतीला लागून ट्रंका, कोपऱ्यात अल्तार, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी. मला एका रेकॉर्डिंगपुरता व्हायोलिनवाला हवा होता. आमच्या कीबोर्डवाल्यानं हा पत्ता दिला. गंमत बघा, कीबोर्डवाल्यानं! कारण नव्वदच्या दशकात या लोकांचं काम गेलं ते कीबोर्डामुळेच. एका माणसाच्या दहा बोटांखाली चाळीस व्हायोलिनं आली. अंकलना त्याबद्दल विचारलं तर म्हणायचे, “चाळीस आली रे, पण सगळी एकाच वेळी श्वास घेतात.”

पोर्तुगीज अंमलातल्या गोव्यात चर्चला लागून असलेल्या शाळेत ते सोल्फा शिकले. अक्षरांच्या बरोबरीनं स्वर वाचायला आले. अशी शिकलेली शेकडो मुलं पुढे मुंबईच्या सिनेमात वाजवायला आली. संगीतकार पेटीवर चाल गुणगुणायचा आणि ती वाद्यांत वाटून कागदावर उतरवायची ती बहुतेक या मंडळींनी. सेबॅस्टियन डिसोझा हे नाव तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. अँथनी गोन्साल्विस हे नाव तर सगळ्यांनाच माहीत आहे, पण ते ‘अमर अकबर अँथनी’मधल्या पात्राचं म्हणून. खरे गोन्साल्विस माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक. त्यांनी १९५८ साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात मोठा वाद्यवृंद उभा करून लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना त्याच्यासोबत गायला लावलं, आणि पुढे ते अमेरिकेला निघून गेले. प्यारेलाल त्यांच्याकडे शिकलेले. १९७७ साली त्यांनी गुरूचं नाव गाण्यात घातलं. सगळा देश ते नाव घेऊन नाचला, आणि असा माणूस खरंच आहे हे फारच थोड्यांना ठाऊक होतं.

अंकल त्या शेकड्यांतले. ताडदेवच्या फिल्म सेंटरला, वांद्र्याच्या मेहबूबला रेकॉर्डिंगची शिफ्ट करायची. पार्ट, म्हणजे आपल्या वाद्याच्या स्वरांचा कागद, समोर यायचा तो त्याच सकाळी, शाई ओली असताना. गायक आणि सगळा वाद्यवृंद एकत्र, म्हणून शेवटच्या ओळीत कुणाचा गज घसरला तर गाणं पुन्हा पहिल्यापासून.

एकदा आम्ही दोघं टॅक्सीनं माहीमहून निघालो होतो. रेडिओवर जुनं गाणं लागलं. अंकल म्हणाले, “ह्यात मी आहे.” मी कान टवकारले. “कुठे?” “ऐकू येत नाही ना?” “नाही.” “मग बरं वाजलंय.”

मी तेव्हा हसलो. मला वाटलं, म्हाताऱ्याचा विनोद. पण मी गीतकार. माझा शब्द ऐकू आला नाही तर मी तबलेवाल्याशी भांडणारा माणूस. ते वाक्य पचायला मला बरीच वर्षं लागली, आणि पूर्ण पचलंय असं अजूनही म्हणवत नाही.

आता जरा धंद्याचं बोलतो. मला नेहमी विचारतात, शब्द आधी की चाल आधी? ‘गीतरामायणा’त गदिमांचे शब्द आधी आणि बाबूजींची चाल नंतर. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालं आणि वर्षभरात छप्पन गाणी झाली. सिनेमात बहुधा उलटं, चाल तयार असते आणि तिच्या मापाचा शब्द शोधायचा. दोन्ही रीतींनी उत्तम गाणी झाली आहेत. खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती मला ज्या माणसानं दाखवली त्याला देवनागरी वाचता येत नव्हतं. अंकलची कोकणी रोमी लिपीतली. मराठी ते मुंबईच्या बसमध्ये शिकलेले.

मी एक गाणं लिहिलं होतं. त्याच्या धृपदाची ओळ ‘काठ’ या शब्दावर संपायची, आणि नेमकी तिथेच चालीत सहा मात्रांची लांब जागा होती. तालमीत मी ती गायलो. अंकलनी गज खाली ठेवला. म्हणाले, “पुता, ह्या शब्दाचं तोंड बंद आहे.”

विचार करून बघा. वाट, रात, घर, पाऊस, काठ. मराठीत आपण हे शब्द लिहिताना शेवटी ‘अ’ लिहितो, बोलताना तो गिळतो. ‘ठ’ किती वेळ धरणार? म्हणून गायक मागे नसलेला ‘अ’ जोडतात आणि पुस्तकात तिथं अवग्रह छापतात. दारा, पाणी, वारे म्हटलं की तोंड उघडं राहतं, स्वर हवा तेवढा लांबवा. म्हणजे आपल्या भाषेतले किती तरी जिव्हाळ्याचे शब्द ओळीच्या शेवटी येऊन दार लावून घेतात. चार वर्षं मराठी साहित्य शिकलो होतो, छंदशास्त्राचा पेपर पास झालो होतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

अंकलनी सुचवलं, ‘किनारा’ कर. मी भडकलो. किनारा म्हणजे सिनेमातला. ‘काठ’ म्हणजे आमच्या नदीचा, कपडे धुवायचा, गुरं उतरवायचा. आठ दिवस आम्ही एकमेकांशी गाण्यापुरतंच बोलत होतो. बासवाला दोघांचे निरोप पोचवायचा. नवव्या दिवशी अंकल आले, व्हायोलिनच्या तारा जुळवल्या आणि म्हणाले, “तू तुझा शब्द बोल. बोल आणि गप्प बस. लांबवू नकोस.” मी ‘काठ’ म्हटलं आणि थांबलो. ठ मिटला त्याच क्षणी, त्याच स्वरावर, व्हायोलिन आलं. इतक्या हळू की आधी मला वाटलं, माझाच आवाज पुढे चाललाय. सहा मात्रा ते वाजलं. मग मी दुसरी ओळ घेतली.

त्यानंतर मी मुद्दाम बंद तोंडाचे शब्द ओळीच्या शेवटी ठेवायला लागलो. लोकांनी त्याला माझी शैली म्हटलं. एका समीक्षकानं तर त्यावर दोन परिच्छेद लिहिले. माझी शैली म्हणजे एका माणसाची वाट बघण्याची सोय होती.

आणि आता जे सांगायला नको वाटतं ते. आमची पहिली सीडी आली. कव्हरचा मजकूर मी तपासला, तीनदा तपासला, स्वतःच्या नावातली वेलांटी दुरुस्त करून घेतली. अंकलचं नाव त्यात नव्हतंच. चूक छापखान्याची नाही, माझी. मी ते कागदावर लिहिलंच नव्हतं. पाचशे प्रती घरी येऊन पडल्यावर लक्षात आलं. मी त्या रात्रीच धोबीतलावला गेलो. ते जेवत होते, माशाची कढी आणि उकडा भात. मी उभ्याउभ्या माफी मागितली. त्यांनी मला बसवलं, ताट वाढायला सांगितलं आणि म्हणाले, “पन्नास वर्षांचा रेकॉर्ड आहे माझा. तू कशाला मोडतोस?” पुढच्या सीडीवर नाव घालतो म्हटलं, तर नको म्हणाले. लोक मग गाणं सोडून मला शोधत बसतील, म्हणाले. मला हे पूर्ण खरं वाटलेलं नाही. त्यांना ते लागलं होतं, असं मला आजही वाटतं. पण नकार त्यांनी शेवटपर्यंत बदलला नाही.

तालमीत आणि कार्यक्रमात ते नेहमी माझ्या उजव्या हाताला, थोडे तिरके, माझ्याकडे तोंड करून उभे राहायचे. प्रेक्षकांना त्यांची पाठच जास्त दिसायची. साउंडवाले वैतागायचे. आम्ही समजत होतो की ट्रम्पेटांच्या पुढे आयुष्य काढून डावा कान गेलाय, म्हणून ते तसे उभे राहतात. त्यांनी कधी खुलासा केला नाही. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात ते गेले. त्यांच्या पुतण्यानं पार्टची फाइल मला आणून दिली. ती मी उघडली नाही. नवी व्हायोलिनवादक मिळाली तेव्हा तशीच तिच्या हातात दिली.

दुसऱ्या तालमीला ती मुलगी फाइल घेऊन माझ्याकडे आली. ‘काठ’च्या गाण्याचा कागद होता. त्या सहा मात्रांवर ताल मोजायचे आकडे नव्हते. पेन्सिलनं इंग्रजीत लिहिलं होतं, मोजू नकोस, त्याचं तोंड बघ. ती म्हणाली, “सर, हे प्रत्येक गाण्यावर आहे.”

मी दाखवायला लागलो, अंकल कुठं उभे राहायचे ते. ती तिथं जाऊन उभी राहिली, थोडी तिरकी. साउंडवाला परत वैतागला.

तिचंही नाव आज याच माइकवरून पुकारलं गेलंय, आणि ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. बाई, तालीम सहाला आहे. फोटो काढत बसू नकोस.