उतरत्या विमानाचा दिवा

घरीं विमान बांधणें ही गोष्ट ऐकणाऱ्यास प्रथम थट्टेची वाटते. परंतु अमेरिकेंत हा छंद आतां चांगला मुरलेला आहे. १९५३ सालीं पॉल पोबेरेझ्नी यांनीं विस्कॉन्सिन राज्यांत अशा हौशी बांधणाऱ्यांची संस्था स्थापिली. तिचें उन्हाळी संमेलन १९७० पासून ऑशकॉश येथें भरत आलें आहे. बर्ट रूटन यांनीं १९७५ सालीं पुढें आणलेलें फेस व कांचतंतूचें व्हॅरिईझ विमान असो, किंवा रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या कंपनीचें पत्र्याचें आर.व्ही. विमान असो, मोटारीच्या खोलींत संध्याकाळमागून संध्याकाळ खर्चून तें जोडणारीं माणसें तेथें हजारोंनीं आहेत. आपल्याकडेही कॅप्टन अमोल यादव यांनीं मुंबईंतील घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान जोडलें, व तें २०१६ सालीं मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनांत लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें. तेव्हां ही थट्टा नव्हे.

असें विमान पुरें झालें, दिवसां उडूं लागलें, कीं बांधणाऱ्यास रात्रीची ओढ लागते. रात्रीं हवा बहुधा निवांत असते, गांवांचे दिवे खालीं पसरलेले असतात, आणि परत येण्यास उशीर झाला म्हणून परक्या ठिकाणीं मुक्काम करावा लागत नाहीं. येथेंच एका लहानशा वस्तूचा प्रश्न उभा राहतो. उतरतांना समोर प्रकाश टाकणारा दिवा कोणता घ्यावा, किती घ्यावेत, आणि कोठें बसवावेत?

याचें उत्तर कायद्यांत सांपडेल अशी अपेक्षा असते, पण कायदा येथें हात आवरतो. अमेरिकेच्या नियमाप्रमाणें रात्रीं उडणाऱ्या विमानास डाव्या पंखाच्या टोकाशीं तांबडा, उजव्याच्या टोकाशीं हिरवा व शेपटीकडे पांढरा असे स्थितिदर्शक दिवे हवेत. टक्कर टाळण्यासाठीं लुकलुकणारा दिवा हवा. आणि या साऱ्यांस पुरेल इतकी वीज हवी. उतरण्याचा दिवा मात्र भाडें घेऊन चालविलेल्या विमानासच सक्तीचा आहे. घरीं बांधलेलें विमान भाड्यानें चालवितां येतच नाहीं. म्हणजे ज्या दिव्यावर शेवटचे कांहीं क्षण अवलंबून, त्याची निवड सर्वस्वीं बांधणाऱ्याच्या शहाणपणावर सोडलेली आहे. हें शहाणपण पुष्कळदां जाहिरातींतील आंकड्यांपाशींच थांबतें. सर्वांत प्रखर तो सर्वांत चांगला, असा सरळ हिशेब केला जातो, आणि तो हिशेब चुकीचा आहे.

प्रथम या दिव्याचें काम काय नाहीं तें पाहावें. १९२१ च्या फेब्रुवारींत जॅक नाइट या टपाल वैमानिकानें नॉर्थ प्लॅट गांवाहून ओमाहावरून शिकागोपर्यंत रात्रभर उड्डाण केलें, तेव्हां वाटेवरच्या लोकांनीं त्याच्यासाठीं शेकोट्या पेटवून ठेवल्या होत्या. वाट व ठिकाण दाखविणें हें शेकोटीचें काम. आज तें धांवपट्टीच्या कडेचे दिवे करतात. अमेरिकेंतील पुष्कळ लहान विमानतळांवर तर वैमानिकानेंच ते दिवे आकाशांतून पेटवावयाचे असतात. रेडिओची बोलण्याची कळ पांच सेकंदांत सात वेळां दाबली कीं दिवे पूर्ण तेजानें लागतात व पंधरा मिनिटें राहतात. पट्टीच्या बाजूस तांबडे-पांढरे मार्गदर्शक दिवे असतील, तर आपण फार उंच आहों कीं फार खालीं हें ते दूरवरून सांगतात.

हें दूरचें मार्गदर्शन नसेल व मधला मुलूख अगदीं काळोखा असेल, तर डोळा फसतो. बोईंग कंपनीतील मानसशास्त्रज्ञ कॉनरॅड क्राफ्ट यांनीं १९६० नंतरच्या दशकांत या फसवणुकीचा अभ्यास केला. अंधारावरून दूरच्या दिव्यांकडे येतांना अनुभवी वैमानिकही स्वतःस आहे त्याहून उंच समजतो, आणि नकळत खालीं खालीं येतो. या संकटांत उतरण्याचा दिवा कांहींएक उपयोगाचा नाहीं. जमीन त्याच्या प्रकाशांत येते तोंवर चूक होऊन गेलेली असते.

हें कां, तें थोड्या गणितानें कळतें. वर्षानुवर्षें लहान विमानांत वापरला गेलेला ४५०९ क्रमांकाचा दिवा १३ व्होल्टांवर १०० वॅट वीज घेतो, आणि झोताच्या मध्यभागीं सुमारें १,१०,००० मेणबत्त्यांचें तेज देतो. आंकडा छाती दडपणारा आहे. परंतु प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत विरतो. एका मेणबत्तीचा एक मीटरवर पडणारा उजेड म्हणजे एक लक्स. त्या मापानें हा दिवा शंभर मीटरवरील भिंतीवर ११ लक्स उजेड पाडील, व दोनशें मीटरवर पावणेतीन. आणि हा हिशेब समोर उभ्या असलेल्या भिंतीचा झाला. उतरतें विमान धांवपट्टीकडे सुमारें तीन अंशांच्या उतारानें येतें; तितक्या तिरक्या कोनानें पडलेला तोच प्रकाश जमिनीवर सुमारें १९ पट लांब पसरतो. म्हणजे दोनशें मीटरवर जमिनीस मिळतो तो जेमतेम एकसप्तमांश लक्स. पौर्णिमेचें स्वच्छ चांदणें याहून अधिक असतें! शंभर मीटरवर तो चांदण्याच्या दुपटीहून थोडा जास्त होतो. पन्नास मीटरवर, विमान जमिनीपासून अडीच-तीन मीटर उंच असतांना, नऊपट. ताशीं १३० किलोमीटर वेगानें येणारें विमान शंभर मीटर अंतर तीन सेकंदांच्या आंत कापतें.

यांतून एक गोष्ट मात्र दिव्याच्या बाजूची निघते. पट्टीवर उभें असलेलें हरीण किंवा विसरून राहिलेली गाडी यांवर प्रकाश तिरका न पडतां समोरून पडतो, म्हणून तीं जमिनीच्या कितीतरी आधीं दिसतात. खेड्यापाड्यांतील विमानतळांवर हरणांचा उपद्रव थोडा नाहीं. एवढ्यासाठीं तरी लांब पल्ल्याचा एक झोत हवाच.

पण एकच झोत पुरेल काय? दिव्यांतून निघणारा एकंदर प्रकाश तेवढाच ठेवून त्याचा शंकू दहा अंशांऐवजीं वीस अंश रुंद केला, तर मधलें तेज चौथाईवर येतें. म्हणून जाहिरातींत मेणबत्त्यांचा आंकडा मोठा दाखविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे झोत अरुंद करणें. दहा अंशांचा शंकू शंभर मीटरवर अवघा सतरा-अठरा मीटर रुंद असतो, आणि पन्नास मीटरवर नऊ मीटरच. अशा झोतांत वैमानिकास मधला लख्ख ठिपका दिसतो व दोहों बाजूंस पूर्वींपेक्षां गडद अंधार. उंचीचा अंदाज मात्र डोळा बाजूच्या जमिनीवरून, गवतावरून, पट्टीच्या कडेवरून घेत असतो. त्यामुळें नुसता अरुंद झोत म्हणजे नळींतून पाहून जिना उतरण्यासारखें आहे.

म्हणून जाणते बांधणारे दोन दिवे बसवितात. एक अरुंद व लांब पल्ल्याचा, दुसरा रुंद पसरणारा व थोडा खालीं वळविलेला. दुसऱ्यास जमिनीवर चालतांनाचा दिवा म्हणतात खरा, परंतु उतरण्याच्या अगदीं अखेरीसही तोच कामास येतो. कारण टेकण्यापूर्वीं वैमानिक विमानाचें नाक वर उचलतो, आणि नाकाबरोबर दिवेही उचलले जातात. अरुंद झोत त्या क्षणीं पट्टी सोडून आकाशाकडे पाहूं लागतो. रुंद झोताचा खालचा भाग जमिनीवर राहतो. शेपटीखालीं चाक असलेल्या विमानास हा प्रश्न अधिकच जाचतो. तें जमिनीवर उभेंच मुळीं दहा-बारा अंश नाक वर करून असतें. त्याचा एकुलता एक दिवा उतरण्यासाठीं जुळविला तर चालतांना तो झाडांचे शेंडे उजळतो, आणि चालण्यासाठीं जुळविला तर उतरतांना फार जवळची जमीन दाखवितो.

जुळणी अंदाजानें करूं नये. विमान सपाट फरशीवर भिंतीसमोर उभें करून, शेपटीखालीं घोडी देऊन, उतरतांना त्याचें अंग जसें असतें तसें तें ठेवावें. दिव्यापासून भिंत दहा मीटर असावी. दिव्याच्या उंचीची खूण भिंतीवर करून तिच्याखालीं ५२ सेंटिमीटरवर दुसरी खूण करावी; तीन अंशांचा उतार तो हाच. लांब पल्ल्याच्या झोताचा मध्य या दुसऱ्या खुणेवर आणला म्हणजे आकाशांत तो विमान जेथें चाललें आहे तेथेंच पडेल. कांहीं हौशी लोक या कामास अर्धा तासही देत नाहींत, आणि मग अधिक किंमतीचा दिवा मागवितात!

जागेचाही विचार हवा. एंजिनाच्या आवरणांत, नाकाखालीं दिवा बसविणें सोपें. तारा आंखूड, खटपट थोडी. परंतु तेथें एंजिनाचे हादरे थेट दिव्यास बसतात व तंतू लवकर तुटतो, आणि प्रकाश फिरत्या प्रोपेलरमधून जातो. शिवाय झोत डोळ्यांच्या रेषेजवळ असला कीं धुक्यांत त्याचा उजेड परतून डोळ्यांवर येतो व समोर पांढरी भिंत उभी राहते. पंखाच्या पुढल्या कडेस कापून, पारदर्शक प्लॅस्टिकच्या झांकणाआड बसविलेला दिवा डोळ्यांपासून दूर असल्यानें हा त्रास कमी करतो. त्यासाठीं पूर्ण झालेल्या पंखास भोंक पाडावें लागतें, ही गोष्ट बांधणाऱ्याच्या जिवावर येते हें खरें. म्हणून रात्रीं उडण्याचा थोडासाही मानस असेल तर दिव्याची जागा पंख बांधतांनाच ठरवावी.

आतां जातींविषयीं. वर सांगितलेल्या जुन्या दिव्याचें आयुष्य कारखानदारानेंच २५ तास धरलेलें आहे. तो नेमका लागतो तेव्हांच जातो, हा वैमानिकांचा अनुभव त्यामुळें नवलाचा नाहीं. मोटारींतील ५५ वॅटचा हॅलोजन दिवा स्वस्त व कोठेंही मिळणारा. त्याचा एकंदर प्रकाश सुमारें दीड हजार ल्यूमेन. वायूंतून ठिणगी पाडून चालणारा झेनॉन दिवा ३५ वॅटमध्यें ३२०० ल्यूमेन देतो, पण त्यास पूर्ण तेजावर येण्यास कांहीं सेकंद लागतात, आणि पेटतांना हजारों व्होल्टांचा दाब लागतो. त्यास वारंवार उघडझांप सोसत नाहीं. एलईडी दिवा हादऱ्यांस दाद देत नाहीं, हजारों तास टिकतो, आणि तेवढ्याच झोतासाठीं जुन्या दिव्याच्या निम्म्याहून कमी वीज घेतो.

विजेचा हा मुद्दा मोठ्या एंजिनवाल्यास किरकोळ वाटेल. लहान विमानांत तोच निर्णायक आहे. रोटॅक्स ९१२ एंजिनाचें अंगचें जनित्र सुमारें २५० वॅटचें आहे. शंभर शंभर वॅटचे दोन दिवे लावले, तर रेडिओ, उपकरणें व स्थितिदर्शक दिवे यांना पन्नास वॅट उरतात. बाकीचा भार मुकाट्यानें बॅटरीवर पडतो. तेथें एलईडीला पर्याय नाहीं असें म्हणण्यास हरकत नसावी.

तरी एलईडीचेही दोन दोष लक्षांत ठेवावेत. त्याची उष्णता पुढें कांचेकडे न जातां मागच्या बाजूस जाते. म्हणून कांचेवर बसलेला बर्फ तो वितळवीत नाहीं. आणि त्याच्या आंतील वीज-नियंत्रक मंडल हलक्या प्रतीचें असेल तर तें रेडिओंत खरखर उत्पन्न करतें. मोटारीच्या दुकानांतील स्वस्त एलईडी आणून बसविणाऱ्यांनीं एक साधी परीक्षा करावी: रेडिओ लावून, आवाज दाबणारी कळ उघडी ठेवून, दिवा लावावा आणि मालवावा. खरखर वाढली तर तो दिवा परत करावा. रात्रीं विमानतळाजवळचें बोलणें ऐकूं न येणें हें अंधुक दिव्याहून वाईट.

दिवा दिसण्यासाठींही असतो, केवळ पाहण्यासाठीं नव्हे. दहा हजार फुटांखालीं, विशेषतः विमानतळापासून दहा मैलांच्या आंत, दिवसां देखील हे दिवे लावून उडावें असा अमेरिकेच्या विमानखात्याचा ऐच्छिक उपक्रम आहे. दोन्ही पंखांवर दिवे असल्यास ते आळीपाळीनें उघडझांप करणारी कळ पुष्कळजण बसवितात. समोरून येणाऱ्याचें लक्ष त्यानें चटकन् वेधलें जातें. उतरतांना मात्र ही उघडझांप थांबवून दोन्ही दिवे स्थिर ठेवावेत.

उरला प्रश्न संवयीचा. अंधारास डोळे पुरते सरावण्यास अर्धा तास लागतो, आणि आंतील उपकरणांचा उजेड मंद ठेवला नाहीं तर बाहेरचा कोणताही दिवा फिका पडतो. सोबतीस घेऊन रात्रीं उडणाऱ्यानें मागील नव्वद दिवसांत रात्रींच तीन वेळां पूर्ण थांबून उतरलेलें असावें, असा नियम आहे. त्या तीनांपैकीं एक खेप, शिक्षक शेजारीं असतांना व पट्टीचे दिवे लागलेले असतांना, उतरण्याचा दिवा मालवून करावी. दिवा असला म्हणजे पट्टीवरचे टायरांचे काळे ओरखडे स्पष्ट दिसूं लागेपर्यंत एकसारखें खालीं येत राहावें व मग नाक उचलावें, असें शिकवितात. दिवा नसला तर ओरखडे दिसत नाहींत. तेव्हां नजर पट्टीच्या पलीकडच्या टोकाच्या दिव्यांवर ठेवावी, आणि ते विमानाच्या नाकाच्या वर चढूं लागलेले दिसले कीं तोच क्षण धरून नाक हळूहळू उचलावें.