बांधावरून पक्ष्यांची ओळख

(रब्बी हंगामपूर्व शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रब्बी पिकांच्या मेळाव्यात कृषिविद्येचा अध्यापक पक्ष्यांवर बोलणार, हे कार्यक्रमपत्रिकेत वाचून काही जणांनी मला सकाळीच हटकले. बियाणे, खते आणि पाणी हे विषय माझ्या आधीच्या वक्त्यांनी सविस्तर घेतले आहेत. मी जे सांगणार आहे त्याला खर्च काहीच नाही. मात्र आठवड्यातून दोनदा सकाळी अर्धा तास बांधावर नुसते बसावे लागेल. हातात काम नसताना बसणे आपल्याला किती जड जाते, याची मला कल्पना आहे.

आपण शेतातल्या सगळ्यांना मिळून 'पाखरे' म्हणतो. पाखरे उतरली की गोफण हातात येते, नाहीतर पोरांना पत्र्याचा डबा वाजवायला पाठवले जाते. पण उतरलेले पाखरू दाणा टिपते आहे की अळी, हे त्याची ओळख पटल्याशिवाय कळत नाही. काही वर्षांपूर्वी हरभऱ्याच्या एका शेतात असा प्रसंग पाहिला. पीक उगवून पंधरा-वीस दिवस झाले होते. रोपे जमिनीलगत कापून पडत होती आणि दररोज सकाळी साळुंक्यांचा थवा त्याच जागी उतरत होता. साळुंक्याच रोपे उपटतात असे शेतकऱ्याचे ठाम मत. विषारी दाणे टाकण्यापर्यंत गोष्ट आली होती. आम्ही दोघे सकाळी बांधावर बसलो. साळुंकी चालत यायची, पडलेल्या रोपाजवळ थांबायची, चोचीने ढेकूळ बाजूला करायची आणि मातीतून काहीतरी ओढून काढायची. उभ्या रोपाला एकीनेही चोच लावली नाही. साळुंक्या उडाल्यावर आम्ही त्याच ढेकळांखाली उकरले, तर गुंडाळी करून पडलेल्या राखी-काळपट अळ्या निघाल्या. ही रोपे कुरतडणारी अळी. ती रात्री रोप कापते आणि दिवसा ढेकळाखाली दडते. साळुंक्या नुकसानीच्या जागी येत होत्या, त्या नुकसान करणारीला खाण्यासाठी.

म्हणून पक्षी ओळखण्याची सुरुवात 'तो काय करतो' इथून करावी. नवशिका माणूस रंगापासून सुरुवात करतो आणि तिथेच अडतो. सकाळच्या तिरप्या उन्हात समोरचा पक्षी नुसता काळा दिसतो. नर आणि मादीचे रंग पुष्कळदा वेगळे असतात, पिलांचे आणखी तिसरेच. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो चास किंवा नीळकंठ तारेवर बसलेला असला की मातकट वाटतो. उडाला की पंखांतला निळा रंग एकदम उघडतो. नुसत्या रंगावर जाणारा एकाच पक्ष्याचे दोन पक्षी करील.

पहिली खूण आकारमानाची. आपल्याला चांगले माहीत असलेले चार पक्षी मापासाठी घ्यावेत : चिमणी, साळुंकी, कावळा आणि घार. नवा पक्षी दिसला की तो चिमणीएवढा आहे, चिमणी आणि साळुंकीच्या मधला आहे की कावळ्यापेक्षा मोठा, एवढे आधी ठरवावे. दुसरी खूण चोच. चोच हे पक्ष्याचे अवजार आहे आणि अवजारावरून काम कळते. चिमणी आणि सुगरण यांची चोच आखूड, बुडाशी जाड, दाणा फोडणारी. वेडा राघूची लांब, बारीक, किंचित वाकलेली, उडता किडा चिमटीत धरणारी. हुदहुदाची त्याहून लांब, मऊ जमिनीत खुपसणारी. शिक्र्याची आकड्यासारखी, मांस फाडणारी. तिसरी खूण शेपटी आणि बसण्याची ढब. रंग त्यानंतर पाहावा.

काळ्या पक्ष्यांवर ही रीत लावून पाहू, कारण घोटाळा तिथेच जास्त होतो. कावळा सोडला तर शेतात काळे म्हणून दिसणारे तीन पक्षी नेहमीचे आहेत. आमराईत पानांआड दडून बसणारा, लाल डोळ्यांचा आणि फिकट हिरवट चोचीचा तो कोकिळ नर. तो फळांवर जगतो. बांधावरच्या दगडावर शेपटी उभी धरून तुरुतुरु फिरणारा, शेपटीखाली तांबूस रंग असलेला, चिमणीहून थोडा मोठा तो चिरक. तो जमिनीवरचे किडे वेचतो. आणि उघड्यावर, खांबावर, तारेवर नाहीतर चरणाऱ्या म्हशीच्या पाठीवर बसणारा, माशासारखी दुभंगलेली लांब शेपटी असलेला तो कोतवाल. काही भागांत त्याला कोळसा म्हणतात. जवळून पाहिले तर चोचीच्या कोपऱ्याशी एक बारीक पांढरा ठिपका दिसतो.

कोतवालावर जरा थांबतो, कारण घाटेअळीच्या बाबतीत हा आपला खरा सोबती आहे. तो उंच जागेवरून टेहळणी करतो, किडा दिसला की झेप घेऊन पकडतो आणि परत त्याच जागी येऊन खातो. इतर पाखरे घरट्याकडे वळल्यावरही, अंधार पडेपर्यंत त्याची शिकार चालू असते. घाटेअळीचे पतंग बाहेर पडतात ते याच सुमारास. एक मादी पतंग शेकडो अंडी घालते, तेव्हा अंडी घालण्यापूर्वी तिला कोणी उचलले तर किती काम वाचते ते आपणच मोजावे. पण हरभऱ्याचे पीक बुटके. त्यात कोतवालाला बसायला जागा नसते. यासाठी हेक्टरी ५० पक्षीथांबे सांगितले जातात. तुराटीच्या किंवा बांबूच्या काठीला आडवी काडी बांधली की थांबा झाला. तो पिकापेक्षा दोनेक फूट उंच असावा. हरभऱ्याच्या बियाण्यात थोडे ज्वारीचे बी मिसळले तर मधून मधून वाढलेली ताटेही हेच काम करतात. थांब्याखाली पांढरी विष्ठा पडलेली दिसते का, हे पाहावे. पडत नसेल तर थांबा बसण्याजोगा नाही किंवा चुकीच्या जागी आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पक्षी आहेत म्हणून फवारणीची गरज कधीच पडणार नाही, असे मी म्हणत नाही. अळीचा मोठा उद्रेक पक्ष्यांना आवरत नाही. परंतु ते तपासणीचे काम फार चोख करतात. कोतवाल, साळुंक्या आणि गायबगळे शेताच्या एकाच कोपऱ्यात सारखे उतरू लागले, तर दुसरी कामे सोडून त्या कोपऱ्यात जावे आणि एक मीटर ओळीतल्या अळ्या मोजाव्यात. मीटरला एक ते दोन अळ्या आढळल्या तर उपाय करण्याची वेळ झाली. त्याहून कमी असतील तर थांबावे. घाईने सगळ्या शेतावर जहाल औषध मारले की अळीबरोबर पक्ष्यांचे इतर अन्नही संपते, आणि पुढची पिढी येते तेव्हा शेतात पाखरू नसते.

गायबगळा म्हणजे पिवळ्या चोचीचा. नांगरामागे आणि गुरांमागे चालत नाकतोडे टिपतो. विणीच्या दिवसांत त्याच्या डोक्या-मानेवर नारिंगी छटा येते. काळी चोच, काळे पाय आणि पिवळे पंजे असलेला बगळा निराळा, त्याचे लक्ष पाण्यातल्या माशा-बेडकांवर.

आता नुकसान करणाऱ्यांविषयी. ज्वारी दुधात आली की भोरड्यांचे थवे उतरतात. सोलापूर, मराठवाड्याकडच्या मंडळींना त्यांचे वर्णन करायला नको. पूर्ण वाढलेली भोरडी अंगाने गुलाबी असते, डोके, पंख आणि शेपटी काळी. पिले मात्र मळकट तपकिरी असतात आणि लांबून साळुंकीच वाटतात. फरक असा की साळुंकीच्या डोळ्यामागे आणि पायांना पिवळा रंग असतो आणि उडताना पंखात पांढरे चट्टे दिसतात. भोरडी आपल्याकडे वीण करीत नाही. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात ती घरटी करते, तिथे टोळ आणि नाकतोडे हेच तिचे मुख्य अन्न, त्यामुळे तिकडे तिला मान आहे. आपल्याकडे पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून ती येऊ लागते आणि कणसावर बसली तर राखण करण्याला पर्याय नाही. चमकणाऱ्या फिती, माचावरची जागल, आरडाओरड हे उपाय रोज जागा बदलून करावेत, कारण पक्षी एकाच आवाजाला लवकर सरावतो. ज्वारीत पक्षीथांबे लावले असतील तर दाणा भरायच्या आत ते काढून घ्यावेत. पोपटाचे मी वेगळे सांगत नाही. मका, सूर्यफूल आणि पेरू यांवर तो काय करतो ते आपण सोसतच आहात.

सुगरण आणि चिमणी दोन्हीकडच्या आहेत. कणसातले दाणे खातात, पण पिलांना किडे-अळ्या भरवतात. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची घरटी लोंबत असतात, त्या दिवसांत तिची चोच पाहा. चोचीत काय आहे ते टिपून ठेवा.

घुबडांविषयी बोलणे मला आवश्यक वाटते, कारण ओळख नसल्याचा तोटा याच पक्ष्याला सर्वात जास्त झाला आहे. गव्हाणी घुबड म्हणजे पांढऱ्या, बदामाच्या आकाराच्या चेहऱ्याचे. जुन्या वाड्यात, पडक्या देवळात राहते. पिंगळा लहान, साळुंकीच्या मापाचा, ठिपकेदार, जुन्या चिंचेच्या ढोलीत. लोक त्यांना अशुभ समजून हाकलतात, क्वचित मारतातही. घुबड शिकार बहुधा अख्खी गिळते आणि न पचलेली हाडे व केस यांची गोळी करून तोंडावाटे टाकते. ते बसते त्या जागेखाली अशा गोळ्या सापडतात. एखादी पाण्यात भिजवून काडीने उकलून पाहा. गव्हाणी घुबडाच्या गोळीत उंदरांच्या कवट्या आणि दात निघतील. घुबड काय खाते यासाठी माझ्या शब्दावर विसंबण्याची गरज उरणार नाही. उंदरांसाठी विषारी आमिष वापरावेच लागले, तर मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून खोल पुरावेत. दिवसा हेच काम कापशी घार करते : पांढरी, खांद्यावर काळा पट्टा, हवेत एका जागी पंख हलवीत थांबणारी.

साधने विचाराल, तर दुर्बीण असल्यास उत्तम, नसल्यास अडत नाही. एक दोनशे पानी वही मात्र हवी. तारीख, वेळ, पिकाची अवस्था, पक्ष्याचे मोजमाप, चोच, शेपटी आणि तो काय करीत होता एवढे त्याच जागी लिहावे. घरी आल्यावर आठवून लिहिले की मन रिकाम्या जागा आपल्या सोयीने भरते. नाव कळले नाही तर जागा कोरी सोडावी. उगवतीनंतरचे दोन तास सर्वात चांगले. मोबाईलमध्ये आवाज ऐकून नाव सांगणारी सोय आता आहे, मुलांकडून ती समजून घ्यावी, पण पक्षी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नाव पक्के करू नये. कोतवाल शिक्र्याच्या आवाजाची नक्कल करतो, हे लक्षात असू द्या. पुस्तकांत डॉ. सालिम अली यांचे १९४१ साली निघालेले भारतीय पक्ष्यांवरचे इंग्रजी पुस्तक चित्रांसाठी अजूनही उपयोगी आहे. मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा पक्षिकोश पाहावा. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही विचारावे. भारद्वाजाला कोणी कुंभारकावळा म्हणते, कोणी सोनकावळा. अशी सगळी नावे वहीत शेजारी शेजारी लिहावीत.

रब्बी निघाल्यावर वखरणी करताना टिटवीकडे लक्ष ठेवावे. उघड्या रानात, जमिनीवरच्या उथळ खळग्यात ती बहुधा चार अंडी घालते. त्यांचा रंग ढेकळांसारखा असल्याने ती पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की औत थांबवून जागा शोधावी, काठी रोवून खूण करावी आणि तेवढा तुकडा पिले निघेपर्यंत सोडावा.

मृगाच्या आधी 'पेरते व्हा' ऐकू येईल, तेव्हा त्या झाडाकडे नीट पाहा. करडी पाठ, छातीवर आडव्या रेघा, शेपटीला पट्टे. पहिल्या नजरेला तो शिक्राच वाटतो आणि लहान पाखरेही फसून ओरडत सुटतात. चोच आकड्यासारखी नसेल, साधी आणि किंचित खाली वळलेली असेल, तर तो पावशा. सातभाईंच्या घरट्यात अंडी घालणारा हा पक्षी केसाळ सुरवंटसुद्धा खातो, जे बाकीची पाखरे सहसा टाळतात.