सांगतो कोण आणि सांगतो काय

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



पूर्वी आपल्या गावगाड्यात जागल्या नावाचा एक गावकामगार असे. गाव झोपले की तो जागा राही, फेरी मारी आणि काही वावगे दिसले तर हाक देई. सरकारच्या, कंपनीच्या किंवा एखाद्या कचेरीच्या आत राहून तिथला गैरकारभार उघड करणाऱ्या माणसाला आज मराठी वृत्तपत्रे हेच नाव देतात. नाव समर्पक आहे, पण एक फरक आहे. जुन्या जागल्याला चोर बाहेरून येताना दिसे. या नव्या जागल्याला तो घरातच दिसतो. म्हणून त्याची हाक ऐकून लोक चोराकडे पाहत नाहीत, त्याच्याकडेच पाहतात आणि त्याला घरभेद्या ठरवतात.

एकीकडे मंत्री सांगतो की सारे ठीक आहे, आणि दुसरीकडे त्याच्याच खात्यातला माणूस सांगतो की ठीक नाही. अशा वेळी नागरिकाने विश्वास कोणावर ठेवावा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला दोन माणसांची आठवण होते.

पहिला अमेरिकेचा डॅनियल एल्सबर्ग. व्हिएतनाम युद्धासंबंधी त्या देशाच्या संरक्षण खात्याने एक गुप्त अहवाल तयार केला होता. सुमारे सात हजार पानांचा. तो तयार करणाऱ्यांत एल्सबर्ग स्वतः होता. चार राष्ट्राध्यक्षांच्या काळात सरकार आपसात एक बोलत होते आणि जनतेला दुसरेच सांगत होते, हे त्यातून स्पष्ट दिसत होते. १९६९ मध्ये त्याने या पानांच्या प्रती काढल्या आणि आधी काही सिनेटरांचे दरवाजे ठोठावले. तिथे दाद लागली नाही, तेव्हा त्याने त्या वृत्तपत्राकडे दिल्या. जून १९७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्या छापायला सुरुवात केली. सरकार न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी वृत्तपत्रांच्या बाजूने निर्णय दिला.

आता पुढचा भाग लक्षपूर्वक ऐका. ही कागदपत्रे खोटी आहेत असे सरकारला म्हणता येईना, कारण ती सरकारचीच होती. मग काय केले? एल्सबर्ग ज्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जात असे, त्याच्या दवाखान्यात सप्टेंबर १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयासाठी काम करणाऱ्या माणसांनी घरफोडी करवली. हेतू एवढाच की या माणसाची बदनामी करता येईल असे काही हाती लागावे. एल्सबर्गवर खटला भरलेला होता आणि ११५ वर्षांपर्यंतची शिक्षा होऊ शकत होती. घरफोडीसारखे सरकारी गैरप्रकार उजेडात आल्यावर मे १९७३ मध्ये न्यायाधीशांनी तो खटलाच काढून टाकला. त्याच टोळीतली काही माणसे वॉटरगेटच्या घरफोडीतही होती, आणि त्या प्रकरणात ऑगस्ट १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पद सोडावे लागले.

दुसरा माणूस आपल्या देशातला. सत्येंद्र दुबे, कानपूरच्या आय.आय.टी.त शिकलेला, जेमतेम तिशीचा अभियंता. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामावर तो झारखंडात होता. मोठ्या कंत्राटदारांनी घेतलेली कामे लहान, अपात्र कंत्राटदारांकडे जात आहेत आणि पैशाची लूट होत आहे, असे त्याने २००२ मध्ये थेट पंतप्रधानांना कळवले. आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंतीही केली. ते पत्र नावासकट एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरत राहिले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्याचा खून झाला. तपास यंत्रणेने तो लुटीसाठी झालेला खून ठरवला आणि २०१० मध्ये तिघांना शिक्षा झाली. देशात मात्र संतापाची लाट उसळली. २००४ मध्ये अशा तक्रारी केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपवण्याचा ठराव निघाला आणि २०१४ मध्ये संसदेने जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा मंजूर केला. दहा वर्षे उलटून गेली तरी तो कायदा अमलात आलेला नाही.

या दोन हकिकतींवरून प्रत्येक जागल्या सत्यवादी आणि प्रत्येक पुढारी लबाड, असा निष्कर्ष कोणी काढू नये. जागल्याच्या मनात बढती हुकल्याचा राग असू शकतो. त्याला अर्धीच गोष्ट ठाऊक असू शकते. उलट पुढाऱ्याला निदान दर पाच वर्षांनी आपल्या दारात यावे लागते. ‘सगळे सारखेच चोर’ असे म्हणण्यात शहाणपण नाही. त्या वाक्याचा सर्वांत मोठा फायदा खऱ्या चोरालाच होतो.

तेव्हा विश्वास माणसाच्या तोंडाकडे पाहून ठेवायचा नाही. तीन गोष्टी पाहायच्या. बोलणाऱ्याचे यात काय पणाला लागले आहे? त्याने दाखवलेला कागद पडताळून पाहता येतो काय? आणि तिसरी सर्वांत महत्त्वाची: त्याला मिळालेले उत्तर मुद्द्याचे आहे, की त्याच्या चारित्र्याचे? मुद्द्याला उत्तर नसले म्हणजे माणसाची कुंडली काढली जाते.

विद्यार्थी मित्रांनो, वर्गात ‘चहाडखोर’ हा शब्द फार सैल वापरला जातो. मित्राला शिक्षा व्हावी म्हणून सांगणे ही चहाडी. दुबळ्यावर अन्याय होऊ नये म्हणून सांगणे ही साक्ष. दोन्हींतला फरक ज्याला कळतो, त्यालाच मी सुशिक्षित म्हणेन.

आणि वडीलधाऱ्यांना एक नम्र विनंती. आपल्यासारख्या संस्था गरिबांच्या वर्गणीवर आणि समाजाच्या भरवशावर उभ्या राहतात. उद्या एखादा कारकून किंवा शिक्षक पावतीपुस्तक घेऊन आला आणि म्हणाला, “साहेब, हा हिशेब जुळत नाही,” तर आपला पहिला प्रश्न काय असेल? “तुला कोणाची फूस आहे?” की “दाखव, कुठे जुळत नाही?” मंत्र्यांची आणि सरकारांची परीक्षा आपण अधूनमधून घेतो, आपली स्वतःची परीक्षा त्या एका प्रश्नात आहे.