स्वस्त गळ आणि हूकचा नियम

आदरणीय गुरुजन आणि १९९६ च्या दहावीच्या माझ्या सगळ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला बजावलं होतं, "नोकरीबद्दल बोलू नकोस, सगळे तेच बोलतात. छंदाबद्दल बोल." माझा छंद ऐकला की आई अजूनही कपाळाला हात लावते. मी मासे पकडते आणि परत पाण्यात सोडून देते. "सोडायचाच तर धरतेस कशाला?" हा तिचा प्रश्न रास्त आहे. त्यात न शिरता मी आज फक्त गळाबद्दल बोलणार आहे. थोडं नोकरीबद्दलही येईल, त्याला इलाज नाही.

मी अमेरिकेत कोलोराडो राज्यात, डेन्व्हरजवळ राहते. तिथून तास-सव्वातासावर साउथ प्लॅट नदी लागते. चीझमन धरणाखाली तिचं पाणी बारा महिने थंड असतं आणि ट्राउट माशाला ते मानवतं. भर हिवाळ्यात हा मासा मुख्यतः चिलटांसारख्या किड्यांच्या अळ्या खातो. मग आपण गळावर दोरा गुंडाळून तशीच खोटी अळी तयार करायची. तिला 'फ्लाय' म्हणतात. माझी आवडती 'झेब्रा मिज': काळा दोरा, त्यावर रुपेरी तारेचे वेढे आणि डोक्याशी एक मणी, मंगळसूत्रातल्या मण्याहून लहान.

या गळांच्या मापाची गंमत अशी, की आकडा वाढतो तसा गळ लहान होतो. मी वापरते ते २० आणि २२ नंबरचे, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढे. त्यातही एका कंपनीचा २० दुसऱ्या कंपनीच्या १८ एवढा निघतो, कारण सगळ्यांनी पाळावं असं एक प्रमाण नाही.

आता नोकरीचं. २०२३ मध्ये माझी नोकरी गेली. सात महिने घरी होते. आपल्या ग्रुपवर मी तेव्हा काहीच सांगितलं नाही. वाढदिवसाला केक पाठवत होते, विनोदांवर हसत होते. ते आज पहिल्यांदा सांगते आहे. त्या दिवसांत रोज रात्री फ्लाय बांधत बसायचे, कारण निदान एक काम तरी हातून पुरं व्हायचं. पण पैसे जपून वापरायचे होते. टिमकोसारख्या चांगल्या जपानी गळांच्या पाकिटात बहुधा २५ नग असतात. मी त्याहून कमी पैशांत १०० नगांचं एक पाकीट मागवलं आणि स्वतःवर खूश झाले.

जानेवारीतल्या एका सकाळी मोठा रेनबो ट्राउट लागला. दोन-तीन मिनिटं खेळवला आणि एकदम दोर सैल पडला. दोरा शाबूत होता, गाठही शाबूत होती. गळ मात्र सुईसारखा सरळ झाला होता. तासाभराने दुसरा मासाही तसाच गेला.

त्या रात्री मला आपले विज्ञानाचे सर आठवले. धड्याबाहेरचं म्हणून त्यांनी आपल्याला हूकचा नियम शिकवला होता. स्प्रिंगला वजनं लावत गेले, तशी ती प्रमाणात लांबत गेली आणि वजन काढल्यावर मूळ जागी आली. मग मागच्या बाकावरून कोणीतरी (नाव घेत नाही, तो समोरच बसलाय) म्हणालं, "सर, अजून लावा." सरांनी लावलं. स्प्रिंग परत आलीच नाही. सर म्हणाले, "ही स्थितिस्थापकतेची मर्यादा. ओलांडल्याशिवाय दिसत नाही."

गळाचं नेमकं तेच आहे. दोरा किती ओढ सहन करेल हे त्याच्या रिळावर छापलेलं असतं. गळाच्या पाकिटावर तसं काही नसतं. गळ पोलादी तारेचा असतो. कोयत्याला लोहार पाणी पाजतो, तसं यालाही तापवून, थंड करून कडक करावं लागतं. ते कमी पडलं तर गळ वाकतो, जास्त झालं तर काडीसारखा तुटतो. ही मर्यादा आपणच तपासायची, आणि ती नदीवर नव्हे, घरी.

मी त्या पाकिटातले २० गळ काढले आणि तीन परीक्षा घेतल्या. पहिली नेढ्याची. गळाचं नेढं पूर्ण मिटलेलं हवं, नाहीतर फटीत बारीक दोरा कापला जातो. तिथे तीन नापास. दुसरी टोकाची. टोक नखावर हलकेच सरकवायचं. रुतलं तर धारदार, घसरलं तर बोथट. यात सगळे पास. तिसरी हूकची. छोट्या व्हाइसमध्ये गळ धरून दांडी बोटाने थोडी दाबून सोडायची. ती टण्णकन जागेवर यायला हवी. दोन वाकलेलेच राहिले, एक तुटला. (हे करताना चष्मा लावावा, तुकडा डोळ्यात उडतो.)

वीसात सहा नापास, म्हणजे शंभरात साधारण तीस. एक फ्लाय बांधायला मला आठ मिनिटं लागतात. म्हणजे चार तासांची मेहनत कुचकामी गळांवर जाणार होती. स्वस्त पाकीट तिथे महाग पडलं.

पण स्वस्त म्हणजे वाईट, असंही नाही. नंतर दुसऱ्या एका कंपनीचं तसंच १०० नगांचं पाकीट घेतलं. वीसात एकोणीस पास झाले. आजही मी तेच वापरते. बॅगा तोलायच्या तानकाट्याला दोरा बांधून ओढूनही पाहिलं: ०.१३ मिलिमीटरचा दोरा आधी तुटला, गळ उघडला नाही. मला हवं होतं ते हेच.

आता माझे नियम साधे आहेत. किंमत दर नगाची नाही, दर पास नगाची काढायची. आधी एकच पाकीट घेऊन तपासायचं, मगच जास्त मागवायची. दहा प्रकार जमवायचे नाहीत. एक सरळ दांडीचा, एक वळणदार, दोन्ही २० आणि २२ मध्ये, एवढ्यात हिवाळा निघतो. उलटा काटा नसलेलेच घ्यायचे. काटा पक्कडीने दाबताना ठिसूळ टोक मोडतं, शिवाय बिनकाट्याच्या गळातून मासा लवकर सुटतो. आणि गळ कोरडे ठेवायचे, गंज चढतो.

सर, त्या सात महिन्यांत मीही बरीच ताणली गेले होते. परत जागेवर आले, नोकरीही मिळाली. पण तेव्हा ग्रुपवर एक ओळ लिहिली असती, तर तुमच्यापैकी दहाजणांनी फोन केला असता, हे मला आता कळतंय. आज इथे कोणी तसं ताणलेलं असेल, तर त्याने माझ्यासारखं गप्प बसू नये.

चहाच्या वेळी मी मागच्या टेबलावर व्हाइस मांडून बसणार आहे. झेब्रा मिज बांधून दाखवीन. बघायला जरूर या. मात्र आपापली चाळिशी बरोबर आणा, त्याशिवाय आता काही दिसायचं नाही.