हुगळीची मोहनिद्रा



संमोहन म्हटले की डोळ्यांपुढे रंगमंचावरचा जादूगार उभा राहतो. आज मी तुम्हाला शस्त्रक्रियेच्या मेजापाशी नेणार आहे. ४ एप्रिल १८४५ रोजी बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल या स्कॉटिश शल्यविशारदाने असह्य वेदनेने तळमळणाऱ्या एका कैद्यावर मोहनिद्रेचा प्रयोग केला. ही विद्या त्याने केवळ वाचली होती, प्रत्यक्षात कधी पाहिलेली नव्हती! ईथरचा बोस्टनमधील जाहीर प्रयोग १८४६ च्या ऑक्टोबरातला, क्लोरोफॉर्म १८४७ मधले. तोवर रुग्णाला घट्ट धरून ठेवणे, हीच भूल.

अंधाऱ्या खोलीत रुग्णाला निजवायचे आणि एतद्देशीय सहायकांनी त्याच्या अंगालगत तासन्‌तास हात फिरवायचे, अशी ही पद्धत. हत्तीरोगाच्या अजस्र गाठी एस्डेलने अशा निद्रेत कापून काढल्या. आपल्याकडील झाडफूक करणाऱ्यांच्या क्रियेशी असलेले तिचे साम्यही त्याने नोंदवले आहे. अर्थात, तेवढ्यावरून आपण छाती फुगवण्याचे कारण नाही.

कारण १८४६ साली कलकत्त्यात सरकारी समितीने हे प्रयोग तपासले, तेव्हा काही रुग्णांचे हातपाय झटकत होते, चेहरे वेदनेने पिळवटत होते. जागे झाल्यावर मात्र ते म्हणाले, काहीच दुखले नाही. मग वेदना झालीच नाही, की झालेली आठवली नाही? शिवाय हे रुग्ण बहुतांशी गरीब. जीव वाचवणाऱ्या गोऱ्या साहेबासमोर ‘दुखले’ असे सांगण्याची त्यांची प्राज्ञा होती काय? पत्रकार म्हणून हा प्रश्न मला सोडत नाही. अहवालात साहेबांचे शब्द विपुल आहेत. त्या रुग्णांचे फार थोडे.