समलिंगी विवाह : निकालानंतरचे विधिमंडळ

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 17 ऑक्टोबर 2023 रोजी समलिंगी विवाहाचा प्रश्न कायमचा मिटवला, असे आपण समजून चाललो आहोत. विवाहाचा मूलभूत हक्क घटनेत नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. सहजीवनाला कायदेशीर मान्यता मिळण्याचा हक्क सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल यांनी मानला, पण इतर तिघांना तो पटला नाही. जानेवारी 2025 मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. मात्र न्यायालयाने 'हे काम कायदेमंडळाचे' असे म्हटले, तेव्हा आपण सगळ्यांनी दिल्लीकडे पाहिले. विवाह हा समवर्ती सूचीतला पाचव्या क्रमांकाचा विषय आहे, म्हणजे मुंबईच्या विधिमंडळालाही तो खुला आहे. आणि माझ्या मते हाच रस्ता आपण अजून चाचपलेला नाही.

हा रस्ता नवा नाही. पुरोहिताविना लागलेले स्वाभिमान विवाह मद्रास उच्च न्यायालयाने अवैध ठरवले होते. 1967 मध्ये अण्णादुराई मुख्यमंत्री झाले आणि मद्रास विधिमंडळाने हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती करून ते वैध केले, अगदी आधी लागलेले सुद्धा. केंद्राच्या कायद्याशी विसंगती आली तर राष्ट्रपतींची संमती लागते, ही अडचण खरी आहे. मद्रासने ती संमती मिळवली. आपल्या मुंबई प्रांतानेही 1946 मध्ये हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी घातली आणि तो कायदा उच्च न्यायालयात टिकला.

अल्पसंख्याकांच्या हक्कांवर मतदान का घ्यावे, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. घेऊ नये, हे तत्त्व म्हणून मान्य. पण न्यायालयाने दिलेला हक्क सुद्धा लोकमताच्या धगीतून जातोच. अमेरिकेतील आयोवा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये एकमताने समलिंगी विवाहाचा हक्क दिला, तर पुढच्याच वर्षी मतदारांनी त्यातल्या तीन न्यायाधीशांना घरी बसवले. हक्क मात्र टिकला. मेन राज्यात 2009 मध्ये लोकांनी नकार दिला आणि 2012 मध्ये त्याच लोकांनी होकार दिला. लोकमत बदलते, पण त्यासाठी कुणीतरी बोलावे लागते.

हे खूळ पश्चिमेकडून आले, असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच रत्नागिरी जिल्ह्याकडे पाहावे. दापोलीजवळच्या मुरुडचे र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य'मध्ये समलिंगी संबंधांवरच्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देत होते. त्यावरून खटला झाला, आणि 1934 मध्ये त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. खटला ते हरले, पण प्रश्न विचारणारे इथलेच होते.

2024 मध्ये केंद्राने समलिंगी जोडप्यांना एका शिधापत्रिकेवर घ्यावे असे राज्यांना कळवले आणि संयुक्त बँक खात्याला आडकाठी नसल्याचेही स्पष्ट केले. पण शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर 'रुग्णाशी नाते' या रकान्यात काय लिहायचे, वारसा कुणाला मिळायचा, हे पत्रकांनी ठरत नाही. त्याला कायदा लागतो. निवडणुकीत मत मागायला आमदार हातखंब्याच्या तिठ्यावर येतात, तेव्हा त्यांना रस्त्याबरोबर हेही विचारा.