घोड्याचा श्वास घोरू लागला तर

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेलात, म्हणजे भाड्याची घोडी दिसतात. त्यांच्या पाठीवर कित्येक घरांची चूल पेटते. एखादे घोडे धावताना श्वास आत घेतेवेळी घोरते. धनी म्हणतो, ‘सर्दी झाली!’ पण स्वरयंत्राची एक बाजू लुळी पडली असेल तर?

बहुधा डावी बाजूच लुळी पडते. तिचा मज्जातंतू छातीत उतरून, हृदयाजवळच्या मोठ्या रोहिणीला वळसा घालून पुन्हा वर येतो. उंच घोड्यांत ही वाट लांब, म्हणून दोष अधिक. लहान तट्टांत क्वचित. तट्टू घोरू लागले, तर आधी दाणा पाहा. लाखोळी डाळ फार दिवस चारल्यानेही असे होते. मानेच्या शिरेत टोचायचे औषध बाहेर गेले, तरीही होते.

डॉक्टर नाकातून दुर्बीण घालून तपासतात. शस्त्रक्रियेत लुळी कूर्चा पक्क्या धाग्याने मागे बांधून वाट उघडी ठेवतात. ही रीत १९७० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. मात्र पुढे घास श्वासनळीत जाऊन खोकला लागू शकतो. म्हणून वैरण जमिनीवरच घालावी.

सावकाश चालणाऱ्या घोड्याला शस्त्रक्रिया बहुधा लागत नाही. तेव्हा कर्ज काढण्याआधी पशुवैद्यांना विचारा. गुरुजींनी हे मुलांनाही सांगावे.